मित्रा जगायला हवी होती

आमच्या काळाचौकीच्या चाळीत जिन्यावर एखादा मुलगा आणि मुलगी दोन मिनिटं बोलत उभे राहिले, की संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर बातमी! दोन मुली मात्र गळ्यात गळा घालून फिरल्या, एका चादरीत झोपल्या, तरी ‘जिवाभावाच्या मैत्रिणी हो’ म्हणून आपण कौतुकच करतो. बहुतेक वेळा ती मैत्रीच असते. पण एखादीच्या मनात त्यापलीकडचं काही असेल, तर तिने कुणाला विचारायचं?

घरात बोलता येत नाही, तेव्हा मुलगी पुस्तकाकडे वळते. मराठीत तिच्या हाती काय लागतं? विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. १९८१ साली हे नाटक रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. कॉलेजातली मित्रा नमावर जीव लावते आणि शेवटी स्वतःचा जीव देते. त्या काळात हा विषय मांडणं हे धाडसच होतं. पण सोळा वर्षांच्या मुलीने त्यातून काय घ्यायचं? ‘माझ्यासारखीचं असंच होतं’, एवढंच ना?

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, अमेरिकेत नॅन्सी गार्डन यांची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ ही किशोरांसाठीची कादंबरी आली. त्यातल्या लिझा आणि अ‍ॅनी यांनाही त्रास होतो, त्यांची ताटातूट होते. पण दोघी जगतात आणि पुन्हा एकमेकींकडे येतात. तिथेही सगळं गोड नव्हतं. १९९३ साली कॅन्सस सिटीत या पुस्तकाची प्रत जाळली गेली, एका गावातल्या शाळांच्या ग्रंथालयांतून ते काढलं गेलं. १९९५ साली न्यायालयाने ते परत ठेवायला लावलं.

जिला मुलगाही आवडतो आणि मुलगीही, तिची तर आणखीनच पंचाईत. तिच्यासाठी आपल्याकडे शब्द आहे ‘उभयलिंगी’, आणि तो शाळेत भेटतो तो जास्वंदीच्या फुलासाठी! ‘वय आहे, जाईल’ म्हणून आपण तिला मोडीत काढतो.

‘असली पुस्तकं वाचून मुली बिघडतील,’ असं कुणी म्हणेल. अहो, आपण जन्मभर नायक-नायिकेच्याच कादंबऱ्या वाचल्या. त्या वाचून मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं मन बदललं का? नाही. ती फक्त एकटी पडली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. कायदा तिथवर आला, आपलं गोष्टींचं कपाट मात्र अजून मागेच आहे. मराठीत किशोरवयीन मुलींसाठी अशा गोष्टी हव्यात, ज्यात मित्रा शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहील, आईशी भांडेल, परीक्षा देईल, नोकरीला लागेल.

आणि मैत्रिणींनो, उद्या लेकीच्या उशीखाली असं पुस्तक सापडलंच, तर हिसकावून घेऊ नका. जवळ बसा आणि विचारा, ‘काय गं, शेवट काय होतो?’

कोण जाणे, ती पुस्तकाबरोबर स्वतःचंही काही सांगेल.