दवाखान्याच्या जागी पंगत

मागच्या वर्षी मुलाकडे पॅरिसला गेले होते. एका रविवारी तो म्हणाला, "आई, दिजाँला खाण्यापिण्याची मोठी नगरी उभारली आहे, बघून येऊ." वेगवान गाडीने दीड-एक तासाचा प्रवास. दिजाँ म्हणजे बर्गंडी या द्राक्षमळ्यांच्या मुलखाची जुनी राजधानी. मला वाटले, जत्रेसारखे काही असेल. पण आत शिरल्यावर कळले की ही जागा म्हणजे शहराचा जुना दवाखाना! मी आयुष्याची तीस वर्षे वॉर्डात परिचारिका म्हणून काढलेली. मग माझे लक्ष खाण्यात कसे लागणार?

इ.स. १२०४ मध्ये बर्गंडीचे ड्यूक तिसरे ओद यांनी हा दवाखाना काढला. तटाबाहेर, ऊश नदीच्या काठी. गरीब, आजारी, वाटसरू आणि टाकून दिलेली मुले यांच्यासाठी. २०१५ साली इथले रोगी शहरातल्या दुसऱ्या, नव्या इमारतींत हलवले. म्हणजे आठशे अकरा वर्षे इथे कुणी ना कुणी रात्रपाळी केली. मे २०२२ मध्ये त्याच जागेवर ही नगरी उघडली. साडेसहा हेक्टर, आपल्या हिशेबाने सोळा एकर जागा. जुन्या दगडी इमारतींना नव्या जोडल्या आहेत. दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृह, राहती घरे, स्वयंपाक शिकवणारी शाळा, शिवाय वाईनची पारख शिकवणारी वेगळी शाळा! एका दुकानात तीन हजार प्रकारच्या वाईन होत्या, त्यांतल्या अडीचशे पेल्याने मिळत होत्या. आमच्या घरात कुणी घेत नाही, तेव्हा मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत फिरले.

प्रदर्शनात फ्रेंच जेवणाची माहिती आहे. २०१० मध्ये युनेस्कोने या जेवणाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. मला वाटायचे, मान पदार्थांना मिळाला असेल. तसे नाही. जन्म, लग्न, वाढदिवस अशा प्रसंगी माणसांनी एकत्र बसून, क्रमाने, सावकाश जेवावे, या रीतीला तो मान आहे. माझ्या आजोबांना गावच्या पंगतीत कुणी बसू दिले नाही. उठलेल्या पंगतीनंतर ते अंगणाबाहेर थांबत. त्यांच्या नातीला हे वाचताना काय वाटले असेल, ते तुम्हीच ओळखा. बाहेर उपाहारगृहाच्या दारात दरपत्रक लावले होते. सवयीने भाव रुपयांत गुणले आणि मुलाला म्हटले, आपण डबा आणला आहे ना?

राग मात्र येत नाही. जुन्या दगडी इमारतीत आजचा दवाखाना चालवणे काय असते, हे आम्हाला विचारा. रोग्यांना नवी जागा मिळाली, जुन्या भिंतीही वाचल्या. एका दालनात या वास्तूचा इतिहास सांगितला आहे, त्याचे नावच '१२०४'. मी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबले. मुलगा दोनदा बोलवायला आला.

दिजाँहून चाळीसेक किलोमीटरवर बोन नावाचे गाव आहे. तिथे १४४३ साली ड्यूकचे मंत्री निकोला रोलँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन यांनी गरिबांसाठी दवाखाना बांधला. लोकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले. जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. पण त्या मळ्यांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि पैसा दवाखान्याच्या कामी येतो. पिणाऱ्याच्या खिशातून रोग्याच्या खाटेला! दिजाँच्या नगरीत असे काही मला दिसले नाही. इथे दवाखान्याने जागा दिली, बस.

निघताना मुलाने मोहरीची बरणी घेऊन दिली. दिजाँची मोहरी जगभर प्रसिद्ध, पण दाणा बहुतेक कॅनडाचा. २०२१ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. घरी आल्यावर ती भाकरीला लावून पाहिली. नाकात अशा झिणझिण्या आल्या की डोळ्यांतून पाणी! नातवंडांनी तर हातच लावला नाही. बरणी अजून अर्धी शिल्लक आहे.