झडपेवरची काजळी

आमची गाडी कशेडी घाट सहज चढे. पण खेडला भरणे नाक्यावर उभी राहिली, की इंजिन बंद पडे. असे का व्हावे? वेगात थ्रॉटल बॉडीतील झडप बरीच उघडी असते. गाडी उभी असताना हवेला जेमतेम फट उरते. तेलाच्या वाफेने बसलेला काजळीचा पातळ थर उघड्या वाटेत नगण्य. फटीत मात्र तोच हवा अडवतो.

इंजिन गार, चावी काढलेली, जागा मोकळी, विस्तव दूर. मग योग्य द्रावक लावून मऊ फडक्याने थर पुसला. विजेवर चालणारी झडप मात्र बोटाने ढकलू नये.

गुणोत्तर आम्ही फळ्यावर शिकवतो. शिक्षकांनी एक तास तरी मुलांना उघड्या बॉनेटपाशी न्यावे, असे मला वाटते. कारण कळले, की यंत्राची भीती उरत नाही.