शिक्षेनें चूक टळते काय?

रुग्णालयांत चूक झाली कीं अपराध्यास शासन करावें, म्हणजे न्याय झाला, असें आपले सुशिक्षित बंधु मानतात. हा न्याय नव्हे. हें सूडाचें समाधान होय. व्हिन्क्रिस्टिन हें कर्करोगावरील औषध शिरेंतूनच द्यावयाचें. पाठीच्या कण्यांत गेल्यास रोगी बहुधा दगावतोच. २००१ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें असाच एक तरुण दगावला. डॉक्टरास तुरुंगवास घडला. पण तीच चूक त्या देशांत पूर्वींही घडली होती! खरा उपाय जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं सांगितला : औषध पिचकारींत भरूंच नये, लहान पिशवींत पातळ करून द्यावें, मग कण्यांत टोचावयाच्या पिचकारीशीं त्याची गल्लत होत नाहीं. तुरुंगाचें भय थकलेल्या हातास सावध करीत नाहीं. तें चूक लपविण्यास मात्र शिकवितें. आणि लपविलेली चूक पुढील रोग्याची वाट पाहत बसते.