नाव झाकावे, कारभार झाकू नये

आमच्या वर्गातील काही मुली सकाळचे तास आटोपून दुपारी गोदामात पॅकिंगच्या कामाला जातात. परवा वाचनालयाबाहेर त्यांच्यापैकी एकीने विचारले, "कामाच्या जागी कुणी त्रास दिला आणि मी तक्रार केली, तर ते कागद कोणकोण वाचणार?" एक मित्र फुशारकीने म्हणाला, "माहितीचा अधिकार आहे ना! दहा रुपयांचा अर्ज केला की कुणालाही मिळतील." ती गप्प झाली. तिचे ते गप्प होणे मला बोचले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मित्राचे म्हणणे साफ चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात जी तत्त्वे घालून दिली, त्यांतून २०१३ चा कायदा आला. माहिती अधिकाराचा कायदा काहीही म्हणो, तक्रारीतील मजकूर, तक्रारदार, आरोपी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील बाहेर जाता कामा नये, असे त्याचे कलम १६ बजावते. अहवाल मिळतो तो मालकाला आणि संबंधित दोन्ही पक्षांना. मला हे योग्य वाटते. भिवंडीसारख्या गावात एका गल्लीतली बातमी दुसऱ्या गल्लीत पोचायला संध्याकाळ लागत नाही.

परंतु झाकण्याचीही एक सवय जडते. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात पूर्वी असलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले की, कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाच्या कारवाईचे कागद, व्यापक जनहित नसेल तर, खाजगीच होत. उद्या याच्याच आडोशाने समितीचा सारा कारभार अंधारात गेला, तर पीडितेला त्याचा काय लाभ?

आपल्याकडील कित्येक यंत्रमाग कारखान्यांत दहा माणसेही नसतात. कांडी भरणाऱ्या बाईने दाद मागायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. ती समिती ठाण्यात आहे, हे तिला सांगणार कोण? मोठ्या गोदामांच्या अंतर्गत समितीने दरवर्षी जिल्हा अधिकाऱ्याकडे अहवाल धाडायचा असतो. मालक खाजगी असला, तरी तो अहवाल सरकारदरबारी असतो. त्यातील आकडे मागता येतात. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने घाईने उरकलेल्या चौकशीवरील बडतर्फी रद्द केली, आणि देशभर समित्या नेमल्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्यास सरकारांना बजावले. सोळा वर्षांनी कायदा झाला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी समित्या आहेत का, हे विचारावे लागले!

म्हणून माझे मत असे: माणसे झाकावीत, कारभार उघडा ठेवावा. समिती केव्हा नेमली, सदस्य कोण, वर्षात तक्रारी किती आल्या, ठरलेल्या नव्वद दिवसांत किती निकाली निघाल्या, हे सांगितल्याने कुणाची अब्रू जात नाही. केंद्राच्या तीन वर्षे आधी, २००२ साली, माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने तरी यात कुचराई करू नये.

आम्ही चौघे-पाच जण ठाण्याला असा अर्ज धाडणार आहोत. त्यात कुणाच्या तक्रारीविषयी एक अक्षरही नाही. मसुदा त्या दिवशी गप्प झालेल्या मैत्रिणीने लिहिला आहे.