‘लाइकली’ म्हणजे ‘पडणारच’ नव्हे!

हवामान खात्याच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये असतं ‘लाइकली’, आपण छापतो ‘पाऊस पडणार’! त्याच बुलेटिनमधला छोटा तक्ता कोण वाचतो? ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, ‘मोस्ट लाइकली’ त्याहून वर. म्हणजे नुसत्या ‘लाइकली’त पाऊस न येण्याचीच शक्यता जास्त. मीही वर्षानुवर्षं सरसकट ‘पडणार’च लिहिलं.

आपल्या यवतमाळात त्या मथळ्यावर भरवसा ठेवून कोरडवाहू कास्तकार कपाशी टोबतो. पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, बियाणं पुन्हा उधारीत. शिव्या खातं हवामान खातं, आम्ही पत्रकार नामानिराळे.

यंदापासून माझ्या बातमीत ‘शक्यता’ आणि पुढे टक्के. विसरलो तर दारव्हा-आर्णीच्या वाचकांनो, खुशाल टोका.