जांघेतील गाठ : संकोच नको, निदान हवे

सहा महिन्यांच्या नातीला आंघोळ घालताना आजीच्या हाताला तिच्या जांघेत बोराएवढी गाठ लागते. बोटाखाली ती सरकते, पण आत जात नाही. बाळ खेळते आहे, दूध पिते आहे. मग तेल लावून शेक दिला जातो आणि विषय तिथेच थांबतो. दुसऱ्या एखाद्या घरी साठी ओलांडलेल्या सासूबाईंच्या जांघेत वर्षभर सुपारीएवढा फुगवटा असतो. दुखत नाही, सांगायला लाज वाटते आणि दिवाळीचा हंगाम तोंडावर आलेला असतो; म्हणून त्या गप्प राहतात. बाहेरून या दोन गाठी सारख्याच दिसतात, पण आतील कारणे वेगळी असतात. दोन्ही ठिकाणी उशीर मात्र महागात पडू शकतो.

हर्निया म्हणजे अंतर्गळ हा पुरुषांचा विकार, असा सर्वसाधारण समज आहे. स्त्रियांमध्ये तो खरोखरच कमी आढळतो. परंतु याच समजामुळे त्यांच्या गाठीचे निदान लांबते.

गर्भाशयाला आधार देणारा एक दोरीसारखा बंध दोन्ही बाजूंनी जांघेतील अरुंद मार्गातून खाली उतरतो. मुलगी आईच्या पोटात असताना या बंधासोबत पोटाच्या अस्तराची एक छोटी नळीही उतरते आणि सामान्यतः वयाच्या पहिल्या वर्षापर्यंत ती बुजून जाते. डच शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोन नुक यांनी १६९१ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला ‘नुकची नलिका’ म्हणतात. ती उघडी राहिली तर तिच्यात पाणी साचते किंवा पोटातील एखादा अवयव उतरतो.

लहान मुलींच्या बाबतीत हा अवयव पुष्कळदा अंडाशय असतो. मुलींच्या जांघेतील हर्नियांपैकी सुमारे १५ ते २० टक्क्यांमध्ये अंडाशय आढळते. घट्ट, सरकणारी, न दुखणारी आणि आत न जाणारी गाठ ही त्याचीच खूण असू शकते. असे अडकलेले अंडाशय पिळवटले गेले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून अशी गाठ घरी जोर लावून दाबू नये. बालशल्यचिकित्सकांना विनाविलंब दाखवावी. मुलांच्या शस्त्रक्रियेत पिशवीचे तोंड बांधले जाते; जाळी बसवावी लागत नाही.

नलिकेत केवळ पाणी साचले असेल तर गाठ मऊ व बहुधा वेदनारहित असते, आडवे झाल्यावर ती सहसा नाहीशी होत नाही. सोनोग्राफीत पाण्याची पिशवी स्पष्ट दिसते. सुईने पाणी काढले तरी ते पुन्हा भरू शकते; म्हणून पिशवी काढून तिचे तोंड बंद करणे हाच खात्रीचा उपाय होय. अशा अनेक रुग्णांमध्ये सोबत हर्नियाही असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी तेही पाहिले जाते.

याउलट, गरोदरपणात उद्भवणारी गाठ कित्येकदा हर्निया नसतेच. त्या बंधाभोवतीच्या शिरा फुगल्याने उभे राहिल्यावर फुगवटा येतो. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला की निदान होते. प्रसूतीनंतर हा फुगवटा बहुधा आपोआप ओसरतो आणि एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळते. एखादी गाठ दर महिन्याला पाळीच्या दिवसांत मोठी होऊन ठणकत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती तिथे वाढली असण्याची शक्यता असते. ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण पाळीशी असलेला हा संबंध अन्यथा सहज निसटतो.

वयस्क स्त्रियांनी सर्वाधिक जपावे ते मांडीच्या मुळाशी, जांघेच्या घडीच्या किंचित खाली येणाऱ्या हर्नियाला. हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. त्याची वाट अरुंद आणि कडा ताठर असल्याने आतडे त्यात लवकर अडकते. गाठ एकाएकी दुखू लागली, कडक वा लाल झाली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगून वायू सरेनासा झाला, तर काही तासही दवडू नयेत. पर्युषणात किंवा एखाद्या मोठ्या उपवासात अशा उलट्यांना ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देण्याची चूक सहज होते. अशा वेळी जांघ पाहिली जाणे आवश्यक आहे.

जांघेतील प्रत्येक गाठ अर्थातच हर्निया नसते. पायाच्या जखमेमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही तेथील लसिका ग्रंथी सुजतात. काही आठवड्यांत न बसणारी, कडक किंवा वाढत जाणारी ग्रंथी मात्र तपासलीच पाहिजे. तिच्यामागे क्षय किंवा कर्करोगही असू शकतो.

तपासणी सोपी असते. डॉक्टर रुग्णाला उभे करून आणि झोपवून, खोकायला लावून गाठ पाहतात; त्यानंतर सोनोग्राफी आणि संदिग्धता राहिल्यास एमआरआय केला जातो. तान्ह्या बाळाची गाठ दवाखान्यात पोहोचेपर्यंत दिसेनाशी होऊ शकते. म्हणून ती दिसत असतानाच आईने मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे आणि ते केवळ डॉक्टरांना दाखवावे.

प्रौढ स्त्रियांमध्ये दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केल्यास जांघेतील आणि मांडीच्या मुळाशी असलेले, असे दोन्ही हर्निया एकाच वेळी पाहता येतात. नेहमी वापरली जाणारी पॉलिप्रॉपिलीनची जाळी कृत्रिम धाग्यांची असते. टाक्यांचा कॅटगट हा धागा मात्र प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो. त्याला कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत. ज्यांना हा विषय महत्त्वाचा वाटतो त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे.

घरातील स्त्रीने अशी गाठ प्रथम कोणाजवळ तरी बोलून दाखवणे, हीच उपचाराची पहिली पायरी आहे. सासूने सुनेला, मुलीने आईला नि:संकोच सांगावे. ऐकणारीने ‘बघू नंतर’ न म्हणता त्याच आठवड्यात, आणि बाळाची गाठ असेल तर त्याच दिवशी, सोबत जावे. हवे असल्यास स्त्री-शल्यचिकित्सक निवडावी. संकोचाचे ते चार क्षण एखाद्या मुलीचे अंडाशय वाचवू शकतात, एखाद्या आजीचे प्राणही.