धबधब्याचे तिकीट कोण फाडतो?

शेतकऱ्याला जोडधंद्याचा उपदेश करणे हा या देशातला जुना धंदा आहे. शेतकऱ्याने भाव मागितला की कोणी म्हणतो कोंबड्या पाळा, कोणी म्हणतो मधमाश्या पाळा, कोणी म्हणतो गांडूळखत करा. अलीकडे या यादीत पर्यटनाची भर पडली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. शहरातला माणूस शेतावर येईल, हुरडा खाईल, बैलगाडीत बसेल, ओढ्यात डुंबेल आणि जाताना पैसे देऊन जाईल, असे ते चित्र आहे. चित्र वाईट नाही. हुरड्याचे चार पैसे मिळत असतील तर ते घ्यायला कोणाची हरकत असणार? पण शेतातले पर्यटन जिथे खरोखर भरभराटीला आले, तिथे ते उभे कसे राहिले, त्याला भांडवल कुठून मिळाले आणि नफा कोणाच्या घरी गेला, हा हिशेब उपदेश करणारे कधी मांडत नाहीत. तो हिशेब आज मांडायचा आहे.

त्यासाठी मॉरिशसचे उदाहरण घेऊ. हिंदी महासागरातले हे बेट आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढे. पीक एकच, ऊस. २ नोव्हेंबर १८३४ रोजी हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे या उसापायी तिथे नेली गेली. त्यांत कोकणातले मराठी मजूरही होते. त्यांची पणतवंडे आज तिथल्या शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. त्या देशातला पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावाजवळ एका मराठी कुटुंबाने बसवला असे सांगतात. गंमत अशी की हे हेन्रिएटा म्हणजेच तिथल्या प्रसिद्ध सात धबधब्यांच्या माथ्यावरचे गाव. आपल्या माणसांनी ज्या पाण्याच्या काठी देव बसवला, तेच पाणी पाहायला आज युरोपातले पाहुणे येतात.

या बेटावर पाहुण्यांसाठी एक फेरी निघते. क्वाड बाइक नावाची गाडी असते. चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि वर बसायला खोगिरासारखी बैठक. पाहुण्याला शिरस्त्राण देतात, मोकळ्या जागेत दोन-चार चकरा मारून हात बसवून घेतात. मग पुढे वाटाड्या आणि मागे एकामागे एक गाड्या, अशी रांग उसाच्या फडातून निघते. चिखल तुडवीत, ओढा ओलांडीत डोंगरात शिरते. धबधब्यापाशी गाड्या उभ्या राहतात, पाहुणे खालच्या नैसर्गिक डोहात पोहतात, अंग पुसतात आणि परत येतात. दोन-तीन तासांचा खेळ. त्याचे पैसे मात्र रोख आणि आगाऊ.

ही गाडी मुळात पाहुण्यांसाठी बनलेली नाही, हेही सांगून ठेवले पाहिजे. १९७० साली होंडाने अमेरिकेत अशी तीन चाकांची गाडी विकायला काढली आणि १९८०च्या दशकात सुझुकीने चार चाकांची आणली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मेंढपाळ शेतकऱ्यांनी ती घोड्याच्या जागी उचलली. कळप वळवायचा, कुंपण तपासायचे, चारा टाकायचा, सगळे हिच्यावर बसून. चढ-उतारावर ती उलटते आणि माणूस खाली सापडतो. ऑस्ट्रेलियात शेतावरच्या मृत्यूंचे ते एक मोठे कारण ठरले, म्हणून २०२१च्या ऑक्टोबरपासून तिथे शेतकामाच्या नव्या गाडीला उलटल्यावर आधार देणारी चौकट सक्तीची झाली. म्हणजे जे अवजार दुसऱ्या देशात शेतकऱ्याच्या बुडाखाली आहे, ते आपल्याला फक्त पाहुण्याचे खेळणे म्हणून दाखवले जाते. आपल्याकडे डवऱ्याला बैलजोडी ठेवणे परवडेना, तिथे हे अवजार कोण घेणार?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या रानातून ही रांग जाते ते रान कोणाचे? बेटाच्या दक्षिणेला बेल ऑम्ब्र नावाचा मोठा मळा आहे. तिथला साखर कारखाना १९९९ साली बंद झाला. आज त्या मळ्याच्या किनाऱ्यावर हॉटेले आहेत, सपाटीवर गोल्फचे मैदान आहे आणि मागच्या डोंगरातल्या राखीव रानात पाहुणे क्वाडवर बसून धबधबे पाहतात. पश्चिमेला मेदीन नावाच्या साखर कंपनीच्या जमिनीवर कासेला नावाची बाग १९७९ साली पक्ष्यांसाठी सुरू झाली आणि वाढत वाढत मोठे पर्यटनस्थळ झाली. थोडक्यात, तिथले पर्यटन साखर मळेवाल्यांच्या जमिनीवर आणि साखर मळेवाल्यांच्या पैशावर उभे आहे.

हा पैसा त्यांच्याकडे आला कुठून? भावातून. १९७५ साली युरोपच्या देशांनी आपल्या जुन्या वसाहतींशी साखरेचा करार केला. त्यात मॉरिशसला सर्वांत मोठा वाटा मिळाला, दरसाल सुमारे पाच लाख टनांचा. आणि भाव? जागतिक बाजारात साखर कितीही पडो, युरोपचा ठरलेला भाव मिळणार. बहुतेक वर्षी तो जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट असे. एक नाही, दोन नाही, तीस वर्षे हा भाव मिळाला. सरकारने साखरेवर निर्यातकर घेतला, पण माल अडवला नाही आणि भाव पाडला नाही. १९९४ साली तो करही काढून टाकला. शेतीत उरलेला हा पैसा मळेवाल्यांनी हॉटेलांत घातला, कापड गिरण्यांत घातला, चिपाडावर वीज करण्यात घातला.

मग युरोपने हात आखडता घेतला. कच्च्या साखरेचा हमीभाव टनाला ५२३ युरोंच्या वर होता. तो २००६ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवून ३३५ युरोंवर आणला. कारखाने एकामागून एक बंद होऊ लागले. पण मळेवाले बुडाले नाहीत. कारण भाव पडण्याआधीच त्यांच्या गाठीला भांडवल होते. शिवाय जमिनीचा वापर बदलायला सरकारने वाट करून दिली आणि युरोपने भरपाईपोटी मदतही दिली. भाव कापणाऱ्याने भरपाई द्यावी लागते, ही रीत आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना ठाऊकच नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. त्याच बेटावर हजारो छोटे ऊस शेतकरी आहेत. त्यांच्या पूर्वजांनी, गिरमिट संपलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी, १८७० नंतरच्या काळात मळेवाल्यांनी विकायला काढलेले हलके तुकडे पोटाला चिमटा काढून विकत घेतले. युरोपचा भाव त्यांनाही मिळाला. त्या भावावर त्यांनी घरे बांधली, पोरे शिकवली. पण एक-दोन एकरांच्या तुकड्यात हॉटेल उभे राहत नाही आणि धबधबा तर त्यांच्या वाट्याला मुळीच आलेला नव्हता. भाव पडल्यावर हजारोंनी ऊस सोडला, रान पडीक पडले. मळ्यावरच्या सुमारे आठ हजार मजुरांनी २००१ सालच्या योजनेत रोख रक्कम आणि घरापुरती जागा घेऊन नोकरी सोडली. आज त्यांच्यातल्या एखाद्याचा मुलगा क्वाडच्या रांगेपुढे वाटाड्या म्हणून चालत असेल. तिकीट फाडणारा मात्र मळेवालाच.

छोट्यांना भागीदार करण्याचा एक प्रयत्न तिथे झाला, त्याची नोंद घ्यायला हवी. १९९४ साली कायदा करून साखर कारखान्यांचे २० टक्के भाग ऊस उत्पादक आणि कामगारांच्या संयुक्त गुंतवणूक संस्थेकडे दिले गेले. त्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही. पण तुकड्यातुकड्याने जे जमत नाही ते भागभांडवलाने जमवता येईल, ही दिशा त्यात होती.

आता हा हिशेब आपल्या वावरात आणून पाहा. मॉरिशसच्या मळेवाल्याला बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट मिळत होते, त्या काळात आपल्याला काय मिळत होते? १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून निघालेल्या कापसाच्या गाड्या शिवेवर अडवल्या गेल्या. पिकलेल्या ज्वारीवर लेव्ही बसली. ती योजना गेली, लेव्ही गेली, पण खोड गेली नाही. २०१२च्या मार्चमध्ये कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. २०२५च्या ऑगस्टमध्ये, पऱ्हाटीला पात्या-फुले लागलेली असताना, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी वेचणीचा सगळा हंगाम गाठून डिसेंबरअखेरपर्यंत चालवली. भाव चढू लागला की दार उघडायचे आणि बाहेर भाव असला की दार लावायचे, हे धोरण असताना शेतकऱ्याच्या गाठीला उरणार काय? आणि ज्याच्या गाठीला काही उरत नाही त्याने कोणत्या पैशाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या, गाड्या घ्यायच्या, संडास-न्हाणीघर करायचे?

धबधबे आपल्याकडेही आहेत. यवतमाळ आणि नांदेडच्या शिवेवर पैनगंगेचे सहस्रकुंड आहे. तिकडे मेळघाटात चिखलदऱ्याच्या कड्यावरून पावसाळ्यात पाणी कोसळते. पण कोरडवाहू मुलखातला धबधबा वाहतो तो पावसात. ज्या दिवसांत पाहुणा येणार, त्याच दिवसांत निंदण आणि डवरणी असते, खताची धावपळ असते, सगळे घर वावरात असते. पाणी आटले की पाहुणा आटतो. ज्यांचे शेत वाटेवर आहे त्यांनी चहा, भाजलेली कणसे जरूर विकावीत. पण हजार गावांतून एखाद्या गावाशेजारी धबधबा आहे. उरलेल्या गावांनी काय करायचे?

म्हणून पर्यटनाला विरोध करायचा, असे कोणी समजू नये. शेतकऱ्याने ज्वारी पेरावी की पाहुणे उतरवावेत, हे त्याने ठरवायचे आहे. सरकारनेही ठरवायचे नाही आणि संघटनेनेही नाही. आपली तक्रार वेगळी आहे. मॉरिशसच्या मळेवाल्याला आधी भाव मिळाला, त्यातून भांडवल आले आणि मग त्याने जमिनीचा वापर बदलला. आपल्याला सांगतात ते उलटे. भाव मागू नका, आधी धंदा बदला. बी न टाकता रास घ्यायला सांगण्यासारखे हे आहे. मुख्य धंदा तोट्यात ठेवला की जोडधंदा त्या तोट्याच्या खड्ड्यातच जातो. दुधाचे पैसे कापसाच्या कर्जात गेलेले प्रत्येक घराने पाहिले आहे. हुरड्याचे पैसेही तिथेच जातील.

आणखी एक धोका आहे. आपण कर्जात असताना धबधब्याशेजारची, तळ्याकाठची, डोंगराच्या कुशीतली जमीन हेरायला शहरातला पैसेवाला येईल. अडलेला माणूस पडेल भावाने विकतो. मग त्याच जागेवर फाटक लागेल आणि आपली पोरे फाटकावर पहाऱ्याला उभी राहतील. मॉरिशसच्या मजुराच्या पोराचे जे झाले ते आपल्या मालकाच्या पोराचे होईल.

या महिन्याच्या जिल्हा बैठकीत तीन गोष्टींवर बोलावे. पहिली, कापूस आणि ज्वारीच्या बाजारात सरकारने हात घालणे बंद करावे आणि घातलाच तर झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी, ही मागणी ठरावात स्पष्ट शब्दांत यावी. दुसरी, ज्याला शेतावर पाहुण्यांचा धंदा करायचा आहे त्याला परवान्यांसाठी हेलपाटे पडू नयेत. कोणत्या कचेरीत काय अडते याची यादी तालुक्यांनी आणावी. तिसरी, धबधबा, तळे किंवा देवस्थानाजवळ ज्यांची जमीन आहे त्यांनी ती सुटी विकू नये. शेजारच्या धुऱ्यांच्या मालकांना एकत्र घेऊन भागीदारी करावी, देणेच झाले तर मुदतीच्या भाड्याने द्यावी, पण मालकी सोडू नये.

धबधबा पाहायला लोक येणारच आहेत. फाटकावर तिकीट फाडायला आपण बसायचे की तिकडे पहारा करायचा, हे आपल्या कापसाला काय भाव मिळतो त्यावर ठरणार आहे. बैठकीला येताना मागच्या हंगामातल्या कापूस-ज्वारीच्या खर्चाचा आणि पट्टीचा कागद सोबत आणावा. बोलणे त्या कागदापासून सुरू करू.